समाविष्ट गावांच्या ड्रेनेजचा हिशेब जोडलेल्या घरांत ठेवा

प्रति,
मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र शासन

महोदय,

पुणे महापालिकेत ऑक्टोबर 2017 मध्ये 11 गावे आली, 30 जून 2021 रोजी आणखी 23. फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे वेगळ्या नगर परिषदेकडे गेली. उरलेल्या गावांच्या पाण्याविषयी आणि सांडपाण्याविषयी हे पत्र आहे. आम्ही अशा वाहिन्यांचे आराखडे करणारे, त्या टाकणारे आणि घरोघरी जोड देणारे लोक आहोत. आमची मागणी एकच: ठेकेदाराचे बिल आणि कामाची प्रगती टाकलेल्या किलोमीटरवर ठरवू नका, प्रत्यक्ष जोडलेल्या घरांवर ठरवा.

जानेवारी 2025 मध्ये किरकटवाडी, नांदेड, नांदोशी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात गुलेन बॅरी सिंड्रोमची (नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराची) साथ आली. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरणारा जीवाणू सापडला. तेव्हा सगळ्यांचे लक्ष पाणी पुरवणाऱ्या विहिरीकडे आणि टँकरकडे गेले आणि ते योग्यच होते. पण विहीर कितीही स्वच्छ केली, तरी गल्लीतले मैलापाणी गल्लीतच राहिले तर ते नळात शिरायला वाट शोधतेच.

ती वाट अशी. पाणी ठरावीक तास सुटते आणि बंद होते. बंद होताना वाहिनीतला दाब उतरतो, पोकळी तयार होते आणि सैल सांध्यातून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. कोणी थेट नळाला मोटार लावली की ही ओढ आणखी वाढते. घरांकडे जाणारे जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप गटारातूनच नेलेले असतील तर ते तळाशी गंजतात, आणि आत ओढले जाते ते गटाराचेच पाणी. म्हणूनच जलवाहिनी आणि मैलावाहिनी यांत आडवे 3 मीटर अंतर असावे आणि त्या एकमेकींना छेदतात तिथे जलवाहिनी किमान अर्धा मीटर वर असावी, असा नियम आहे. गावठाणातल्या दहा फुटी बोळात 3 मीटर मिळत नाहीत हे आम्हाला माहीत आहे. तिथे जलवाहिनी वरच्या पातळीवर, वेगळ्या चरात आणि त्या टप्प्यात सांधा न ठेवता टाकावी.

आता घरे जोडण्याचा आग्रह का. 200 सदनिकांची सोसायटी, घरटी 5 माणसे, माणशी 135 लिटर म्हणजे दिवसाला 1 लाख 35 हजार लिटर पाणी. त्याचे 80 टक्के, म्हणजे 1 लाख 8 हजार लिटर सांडपाणी होते. हा सरासरी ओघ सेकंदाला सव्वा लिटर आणि सकाळच्या गर्दीच्या वेळी त्याच्या तिप्पट, पावणेचार लिटरच्या आसपास. मैला तळाशी न बसता वाहत राहायला वेग सेकंदाला किमान 0.6 मीटर हवा. गर्दीच्या वेळचा ओघ 3 लिटर असेल तर त्यासाठी हजार मीटरला 4 मीटर उतार पुरतो. ओघ 2 लिटरवर आला की 6 मीटर लागतो. आराखडा पूर्ण वस्ती धरून केला आणि निम्मीच घरे जोडली, तर तोच उतार अपुरा पडतो, गाळ बसतो आणि पहिल्या पावसाळ्याआधीच नवी वाहिनी तुंबते. मग "लोक कचरा टाकतात" असे म्हटले जाते. कचराही असतो, पण मूळ कारण ओघ नसणे हे आहे.

उतार बिघडण्याचे दुसरे कारण आपला काळा पाषाण. ब्रेकर चालवणे महाग पडते म्हणून खडक लागला की वाहिनी चार बोटे, म्हणजे सुमारे 7 सेंटिमीटर उचलली जाते. 30 मीटरवरच्या दोन चेंबरमध्ये 12 सेंटिमीटरचाच उतार असतो. त्यातले 7 इथेच गेले की पुढचे सगळे बिघडते. चर बुजवण्याआधी प्रत्येक चेंबरच्या तळाची पातळी डम्पी लेव्हलने (पातळी मोजण्याच्या दुर्बिणीने) घ्या, एका चेंबरमध्ये दिवा आणि दुसऱ्यात आरसा धरून पाइप सरळ आहे का बघा आणि ही नोंद सहीनिशी बिलाला जोडा.

जोडणी फसते ती मुख्यतः पातळीत. घराचा निचरा जमिनीखाली 60 सेंटिमीटरवर असेल आणि रस्त्यापर्यंत 20 मीटर जायचे असेल, तर 60 ला 1 या उताराने आणखी 33 सेंटिमीटर लागतात. रस्त्यातली वाहिनी 80 सेंटिमीटरवर टाकली तर ते घर कधीच जोडता येणार नाही. म्हणून आधी प्रत्येक मिळकतीच्या निचऱ्याची पातळी मोजा, मग रस्त्याची खोली ठरवा. काम नेहमी खालच्या टोकाकडून सुरू करा. मैलाशुद्धीकरण केंद्र किंवा चालू मुख्य वाहिनी नसताना वरच्या गल्ल्या खोदल्या, तर शेवटी ते पाणी ओढ्यात आणि ओढ्यातून मुठेत जाते.

ठेक्यात घराच्या हद्दीवरचे तपासणी चेंबर आणि तिथपर्यंतचा पाइप धरा. जोड चेंबरमध्येच द्या, वाहिनी फोडून नको. हद्दीच्या आतला खर्च घरमालकाचा, पण महापालिकेचे जोडणी शुल्क एकरकमी न घेता मिळकतकराच्या बिलातून हप्त्याने घ्या. जोड झाला की सांडपाणी सेप्टिक टँकला वळसा घालून न्या, टँक बंद करा, सक्शन गाडीने उपसा आणि मुरूम भरा. त्यात माणूस उतरवू नका. 2013 च्या कायद्याने विनासंरक्षण माणूस उतरवणे गुन्हा आहे.

गच्चीचे पाणी या वाहिनीत येऊ देऊ नका. 500 चौरस मीटरच्या गच्चीवर तासात 25 मिलिमीटर पाऊस म्हणजे 12,500 लिटर, सेकंदाला जवळपास साडेतीन लिटर. एवढे पाणी त्या 200 सदनिकांच्या गर्दीच्या ओघाइतके असते.

तोवर टँकर चालणारच. 10,000 लिटरच्या टँकरला लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरिन द्यायचे तर 25 टक्के क्लोरिनची सुमारे 80 ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते. पाणी गढूळ असेल तर जास्त. उघड्या पोत्यातली पावडर निकामी होत जाते, म्हणून मात्रेवर विसंबू नका. अर्धा तास थांबा आणि वाटपाआधी ऑर्थोटोलिडिनचे (क्लोरिन तपासण्याच्या रसायनाचे) थेंब टाकून पिवळा रंग येतो का बघा. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरिन उरलेच पाहिजे.

क्लोरिनचे हे मोजमाप आणि त्या महिन्यात जोडलेल्या घरांचा आकडा, दोन्ही प्रत्येक गावच्या क्षेत्रीय कार्यालयाबाहेर फळ्यावर लिहिण्याचा आदेश आपण काढावा, ही विनंती.

आपले,
समाविष्ट गावांत पाणी व मलनिस्सारणाचे काम करणारे अभियंते आणि परवानाधारक प्लंबर