विभागप्रमुख झाले म्हणजे काय झालं

पुणे

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "प्रमुख झालीस, मग प्रयोग कोण करणार? नुसत्या सह्याच करत बसणार का?" आणि आईने मागून, "पगार वाढला का गं?" फोनवर घाईत उत्तर द्यावं असे हे प्रश्न नाहीत, म्हणून निवांत लिहायला बसले.

आधी आईचं. पगार आहे तोच आहे. ही पाळीपाळीने येणारी जबाबदारी आहे, तीन वर्षांनी दुसऱ्या कुणाकडे जाईल.

बाबांच्या प्रश्नाला जरा वेळ लागेल. पीएच.डी. करताना माझं सगळं जग एका प्रथिनापुरतं होतं. ते शुद्ध करायचं, त्याचं काम मोजायचं, बिघडलं की पुन्हा पहिल्यापासून. पुढे पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं दुसऱ्याच्या लॅबमधलं संशोधन, आणि मग स्वतःची लॅब. कोल्डरूममध्ये प्रथिन शुद्ध करणारा कॉलम कसा चालवायचा हे मला कुणी ना कुणी शिकवलं होतं. पण यूसी, म्हणजे पैसे कसे खर्च केले याचं प्रमाणपत्र, वेळेत गेलं नाही की अनुदानाचा पुढचा हप्ता अडकतो, पेपरवर पहिलं नाव कुणाचं यावरून वर्षानुवर्षांची मैत्री तुटू शकते, एखादा हुशार मुलगा दोन महिने काहीच दाखवत नसेल तर त्याला रागवायचं की जेवायला घेऊन जायचं, यातलं काहीही कुठल्या अभ्यासक्रमात नव्हतं. चांगल्या संशोधकाला एक दिवस माणसं सांभाळायला देतात आणि तो शिकेल असं गृहीत धरतात. आता थोडं बदलतंय. जीवशास्त्रातल्या नवोदितांसाठी आपल्याकडे २००९ पासून यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग भरते, युरोपातली एम्बो ही संस्था लॅब कशी चालवावी याचे वर्ग घेते. हे प्रत्येक विद्यापीठात व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बाबा, खोडदची रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) तुमच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यातल्या चौदा मध्यभागी आणि बाकीच्या तीन दिशांना लांबवर शेताशिवारात पसरलेल्या. तुम्ही आम्हाला त्या दाखवायला न्यायचा. त्यामागचे गोविंद स्वरूप हे माझ्या दृष्टीने या सगळ्याचं सर्वांत चांगलं उदाहरण आहेत. १९६१ मध्ये परदेशात असलेल्या चार भारतीय खगोलशास्त्रज्ञांनी होमी भाभांना पत्र लिहिलं की आम्हाला परत येऊन रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा करायचा आहे. त्यातले एक स्वरूप. १९६३ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) आले आणि ऑस्ट्रेलियाहून मिळालेल्या बत्तीस लहान तबकड्या त्यांनी कल्याणजवळ उभ्या केल्या. आपल्या लोकलच्या कल्याणला! मग उटीला ५३० मीटर लांबीची दुर्बीण. तिच्यासाठी मुद्दाम अशी टेकडी शोधली की जिचा उतार त्या जागेच्या अक्षांशाइतकाच, म्हणजे साधारण अकरा अंश आहे. त्यामुळे दुर्बिणीचा आस पृथ्वीच्या आसाला समांतर झाला आणि आकाशातल्या स्रोताचा तासन् तास माग काढणं सोपं झालं. १९७० मध्ये ती तयार झाली.

पण मला त्या दुर्बिणीहून जास्त मोलाची वाटतात ती उभारणारी पोरं. पंचविशीतली, पूर्वी असं काही न केलेली. त्यांच्यावर स्वरूप यांनी एवढं मोठं काम सोपवलं. उटीला घडलेल्या त्याच पिढीने पुढे खोडद उभारलं आणि चालवलं. त्यांच्यातल्या विजय कपाहींनी पुण्यातल्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची (एनसीआरए) धुरा सांभाळली. खोडदच्या तबकड्यांना भरीव पत्रा न लावता ताणलेली तारांची जाळी लावायची, म्हणजे वारा आरपार जाईल आणि वजन व खर्च दोन्ही आटोक्यात राहतील, ही कल्पना स्वरूप यांची. म्हणजे माणसं सांभाळताना त्यांचं स्वतःचं डोकं थांबलं नव्हतं. बाबा, तुमच्या काळजीला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

आता सह्यांचं. आमच्याकडे नेट परीक्षेत संशोधनाची फेलोशिप (जेआरएफ) मिळवून आलेल्या मुलाला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात, वर घरभाडं. कागदावर. प्रत्यक्षात पैसे कधीकधी कित्येक महिने येत नाहीत. एक मुलगी आहे, वडील शेतमजूर. तिची फेलोशिप अडकली तेव्हा मेसचं बिल थकलं होतं आणि तरी ती रात्री नऊपर्यंत लॅबमध्ये असायची. संस्थेच्या निधीतून अशा मुलांना आगाऊ रक्कम देता येते, पण त्यासाठी प्रमुखाची सही लागते आणि प्रमुखाने लेखा विभागात जाऊन बसावं लागतं. मी बसले. पैसे मिळाले. ती सही मला माझ्या पेपरइतकीच महत्त्वाची वाटते.

त्याच मुलीचं प्रथिन जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या थरावर) एका पट्ट्याऐवजी तीन पट्ट्यांत येत होतं. मला बघताक्षणी शंका आली की पेशी फोडताना ते तुटतंय. सांगून टाकायची इतकी ऊर्मी आली की मी हात पाठीमागे बांधून घेतले आणि एवढंच विचारलं, "तुला काय वाटतं?" ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, हे तुकडे वाटतात. प्रथिन तुटू न देणारा इनहिबिटर ताजा घालून, सगळं बर्फावर ठेवून बघू का?" पुढच्या आठवड्यात एकच पट्टा आला. माझ्या हातून आला असता तर मला इतका आनंद झाला नसता.

आई, तू जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींबद्दल विचारायचीस. १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, बाई म्हणून सी. व्ही. रामन त्यांना घेईनात. त्या हटल्या नाहीत, १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकही झाल्या, पण किती उशिरा! म्हणून मी पहिल्याच महिन्यात विभागाच्या बैठका संध्याकाळी सहावरून सकाळी अकरावर आणल्या. लहान मुलं असलेल्या दोघी आता बैठकीत शेवटपर्यंत असतात आणि बोलतात.

मंगळवार आणि शुक्रवारची सकाळ मी लॅबसाठी राखून ठेवली आहे. तेव्हा फाइल आणायची नाही असं कार्यालयात सांगितलंय. प्रयोग सुटलेला नाही, बाबा.

माझ्या पहिल्या विद्यार्थ्याचा व्हायवा, म्हणजे पीएच.डी.ची तोंडी परीक्षा, पुढच्या महिन्यात आहे. तो सगळ्यांना खुला असतो. तारीख कळली की कळवते, दोघांनीही यायचं. बाबांच्या गुडघ्यासाठी खालच्या मजल्यावरचा हॉल मागितला आहे. येताना रक्तदाबाच्या गोळ्या पिशवीत आहेत ना ते आईने बघायचं.

तुमची,
मनू