गाडी जर्मन, पण कारखाना कुठला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेने परदेशी गाड्यांवरचं आयातशुल्क वाढवल्यापासून आपल्या दैनिकात त्याबद्दल बरंच छापून येत आहे. त्यातल्या एका लेखाचा सूर असा होता की, आता जर्मन गाड्यांना अमेरिकेचं दार बंद झालं. लेख कळकळीने लिहिला होता, म्हणूनच हे पत्र लिहितो आहे. मी चाळीस वर्षं भोसरीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात, काढली. मुलगी साउथ कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलला असते, तिच्याकडे दोनदा सहा-सहा महिने राहून आलो. तिथं जे पाहिलं आणि नंतर वाचून समजून घेतलं, त्यावरून सांगतो : लेखातला हिशेब बॉनेटवरचं चिन्ह पाहून मांडला आहे, गाडी कुठे बनते ते पाहून नाही.

ग्रीनव्हिलहून स्पार्टनबर्गकडे जाणाऱ्या हायवेला लागूनच, ग्रीअर गावाजवळ, बीएमडब्ल्यूचा कारखाना आहे. हा सगळा पट्टा एके काळी कापड गिरण्यांचा. गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा त्या भागाचं काय झालं असेल, हे गिरणगाव पाहिलेल्या आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. १९९२ मध्ये बीएमडब्ल्यूने इथं येण्याचं जाहीर केलं, १९९४ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली आणि १९९९ पासून एक्स-५ ही त्यांची एसयूव्ही इथं बनू लागली. आज उत्पादनाच्या आकड्यात हा बीएमडब्ल्यूचा जगातला सर्वांत मोठा कारखाना आहे. २०२२ मध्ये तिथं ४ लाख १६ हजार गाड्या तयार झाल्या. त्यातल्या निम्म्याहून अधिक चार्ल्स्टन बंदरातून परदेशी गेल्या. म्युनिकच्या रस्त्यावर एक्स-५ दिसली, तर तीही साउथ कॅरोलिनातूनच आलेली असते. आता सांगा, या गाडीला जर्मनीची आयात कसं म्हणायचं?

मर्सिडीजचंही तसंच. अलाबामातल्या टस्कलूसाजवळच्या कारखान्यात १९९७ पासून त्यांच्या मोठ्या एसयूव्ही बनतात. फोक्सवॅगनची अ‍ॅटलस टेनेसीतल्या चॅटानूगाची, तर जेटा मेक्सिकोतल्या पुएब्लाची. ऑडीचा अमेरिकेत एकही कारखाना नाही. त्यांची तिथं सर्वाधिक खपणारी क्यू-५ मेक्सिकोतून येते. पोर्शे तर प्रत्येक गाडी युरोपातूनच आणते. त्यामुळे एप्रिल २०२५ मध्ये जेव्हा २५ टक्के जादा शुल्क लागलं (नंतर युरोपीय संघाशी झालेल्या करारात ते एकूण १५ टक्क्यांवर आलं), तेव्हा त्याचा घाव सगळ्यांवर सारखा बसला नाही. पोर्शेला तो पूर्ण गाडीवर सोसावा लागतो. एक्स-५ ला तो बसतो तो युरोपातून येणाऱ्या इंजिनावर आणि इतर सुट्या भागांवर. एकाच ‘जर्मन गाड्या’ या शब्दात हे दोन्ही कोंबलं की वाचकाची दिशाभूल होते.

पण अमेरिकेत कारखाना काढला म्हणजे भागलं, असंही नाही. याचा सर्वांत कडू अनुभव फोक्सवॅगनने घेतला आहे. १९४९ मध्ये त्यांच्या अवघ्या दोन बीटल अमेरिकेत विकल्या गेल्या होत्या. १९६८ मध्ये एका वर्षात चार लाखांहून अधिक! छोटी, स्वस्त, फारशी न बिघडणारी गाडी म्हणून तिथल्या तरुणांनी ती उचलून धरली. मग चलनाने दगा दिला. १९६९ पर्यंत एका डॉलरला चार जर्मन मार्क मिळायचे, ते दहा वर्षांत दोनच्याही खाली आले. जर्मनीत बनवलेली स्वस्त गाडी अमेरिकेत स्वस्त राहिलीच नाही आणि ती जागा जपान्यांनी घेतली. तेव्हा १९७८ मध्ये फोक्सवॅगनने पेनसिल्व्हेनियात कारखाना काढला. तिथं बनणारी रॅबिट ही छोटी गाडी अमेरिकी चवीची करायची म्हणून सस्पेन्शन मऊ केलं, आतली सजावट बदलली. ज्या ग्राहकाला जर्मन गाडीची पकड हवी होती त्याला ती मिळेना, आणि ज्याला मऊ गाडी हवी होती त्याच्यासाठी डेट्रॉइटच्या अमेरिकी कंपन्या होत्याच. दहा वर्षांत, १९८८ मध्ये, कारखान्याला कुलूप लागलं. तिथल्या कामगारांचा विचार मनात आला की मला आजही वाईट वाटतं, कारण चूक त्यांच्या हातची नव्हती.

बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज नेमक्या इथं वेगळ्या वाटेने गेल्या. अमेरिकी माणसाला उंच बसायचं आहे, घरच्या सगळ्यांना सामानासकट घेऊन जायचं आहे, हे त्यांनी ओळखलं आणि गाडीचा आकार तसा केला. स्टिअरिंग, ब्रेक, चालवताना येणारा विश्वास मात्र सोडला नाही. ही अक्कलही सहज आलेली नाही. १९८९ मध्ये जपानी लेक्ससने ३५ हजार डॉलरला अशी गाडी आणली की तिच्यापुढे मर्सिडीजची किंमत समजावून सांगणं अवघड झालं. त्याच वर्षाअखेर लेक्ससच्या आठेक हजार गाड्यांत दोष निघाला. त्यांनी गाड्या ग्राहकांच्या घरून नेल्या, दुरुस्त केल्या आणि धुऊन परत पोचवल्या. १९९१ पर्यंत लेक्सस ही तिथली सर्वाधिक खपाची परदेशी उंची गाडी झाली होती. आपल्या इंजिनिअरिंगवर विसंबून राहिलेल्या जर्मनांना ग्राहकाशी कसं वागायचं हे जपान्यांकडून शिकावं लागलं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते शिकले, हेही तितकंच खरं. २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने अमेरिकेत ३ लाख ७१ हजार गाड्या विकल्या, लेक्ससने ३ लाख ४५ हजारांच्या आसपास.

आता विक्रीचा भाग. आपल्याकडच्या लेखांत याचा उल्लेखच नसतो आणि खरी मेख तर इथंच आहे. माझ्या जावयाकडे जर्मन गाडी आहे असं मी नातेवाइकांना सांगत असे. एकदा तोच म्हणाला, ‘‘बाबा, गाडी माझी नाही, लीजवर आहे, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्यावर.’’ मग त्याने कागद काढून समजावलं. समजा गाडी ६० हजार डॉलरची. कंपनीची वित्तसंस्था आधीच ठरवते की तीन वर्षांनी ती ३६ हजारांची राहील. ग्राहकाने भरायची ती फक्त मधली २४ हजारांची घट, छत्तीस हप्त्यांत. म्हणजे महिन्याला साधारण ६६७ डॉलर आणि वर व्याज. तीच गाडी पाच वर्षांच्या कर्जावर पूर्ण विकत घेतली, तर मुद्दलाचाच हप्ता हजार डॉलर होतो. महागडी गाडी मध्यमवर्गीय पगारात बसते ती अशी. तीन वर्षांनी ती परत येते, तपासून, वॉरंटी देऊन दुसऱ्याला विकली जाते आणि पहिला ग्राहक नवी घेऊन जातो.

यात कंपनीच्या हातात मोठी खुबी आहे. भविष्यातली किंमत ३६ ऐवजी ३८ हजार धरली, की छापील किंमत एक डॉलरही न उतरवता महिन्याचा हप्ता पंचावन्न डॉलरनी उतरतो. पण अंदाज चुकला तर फटकाही कंपनीलाच. २००८ च्या मंदीत जुन्या गाड्यांचे भाव कोसळले तेव्हा जर्मन कंपन्यांना या लीजपायी मोठा तोटा दाखवावा लागला होता. म्हणून आयातशुल्क वाढलं की शोरूममधली किंमत तेवढीच वाढेल, हे गणित तिथं सरळ लागू पडत नाही. थोडं कंपनी सोसते, थोडं डीलर, थोडं हप्त्यात मिसळतं. डीलरही कंपनीचा नोकर नसतो. बहुतेक राज्यांच्या कायद्यांमुळे या कंपन्यांना स्वतः थेट गाडी विकता येत नाही, ती स्वतंत्र डीलरमार्फतच विकावी लागते.

एका गोष्टीपुढे मात्र हप्ताही चालत नाही आणि इंजिनिअरिंगही, ती म्हणजे विश्वास. १९८६ मध्ये टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात ऑडीच्या गाड्या आपोआप वेग घेतात असं दाखवलं. कंपनी म्हणत राहिली, चालकाचाच पाय चुकतो. १९८९ मध्ये सरकारी तपासातही मुख्यतः तेच निघालं. पण तोवर ग्राहक निघून गेला होता. १९८५ मध्ये ७४ हजार विकणारी ऑडी १९९१ मध्ये १२ हजारांवर आली. आणि २०१५ मध्ये तर फोक्सवॅगनची खरोखरचीच लबाडी उघड झाली. चाचणीच्या वेळी धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर डिझेल गाड्यांत घालून त्या ‘स्वच्छ डिझेल’ म्हणून विकल्या होत्या. माझ्यासारख्या, मापात मायक्रॉनचाही फरक चालू न देणाऱ्या माणसाला ही बातमी वाचून फार लागलं होतं. अमेरिकेत पुढच्या वर्षी झालेली तडजोड १४.७ अब्ज डॉलरपर्यंतची होती.

हे सगळं पुण्याच्या वाचकाला कशाला, असं कुणी विचारेल. चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने आहेत, त्यांच्याभोवती आणि भोसरीत शेकडो लहान व्हेंडर आहेत. त्यातले कित्येक बाहेरच्या देशांसाठी सुटे भाग बनवतात. माझा पुतण्या अशाच एका कारखान्यात आहे. आपला तो लेख वाचून त्याचा रात्री फोन आला, ‘‘काका, आमचं काम जाणार का?’’ मी त्याला म्हटलं, तुमचा पार्ट कुठे जातो ते डिस्पॅचला विचार. कारण तो थेट अमेरिकेला जात असेल, तर मे २०२५ पासून सुट्या भागांवर लागलेलं शुल्क त्यावरच पडणार. जर्मनीत जाऊन तिथल्या गाडीत बसत असेल, तर ती गाडी कुठे विकली जाते ते पाहावं लागेल. दुसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, निम्मा माल जर्मनीला, निम्मा साउथ कॅरोलिनाला. म्हणजे त्याच्या एकाच शिफ्टमध्ये दोन वेगळी भविष्यं आहेत.

तेव्हा विनंती एवढीच की, पुढच्या वेळी अशी बातमी देताना कोणती गाडी आणि ती कुठल्या कारखान्यातली, एवढं जरूर छापावं. जागा कमी असेल तर गाडीचा फोटो लहान करा.

आपला नम्र,
एक निवृत्त टूलरूम कामगार, चिंचवड