वृंदावनच्या बायकांना रंग मिळाला, हक्काचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

होळीच्या वेळी, घर सुटून वृंदावनला येऊन राहिलेल्या विधवा बायकांचा गुलाल खेळतानाचा फोटो आपल्या पेपरात आला होता. फोटो बघून बरं वाटलं, त्याबद्दल काहीच तक्रार नाही, कारण २०१३ ला त्या बायका पहिल्यांदा आश्रमात होळी खेळल्या आणि २०१६ ला तर थेट गोपीनाथाच्या जुन्या मंदिरात रंग उधळला, तोही पुजाऱ्यांच्या देखत, ही काही लहान गोष्ट नाही. पण फोटोखाली दोन ओळी असतात आणि त्यात सगळं आता छान झालं असा सूर असतो, तो मला पटत नाही म्हणून लिहितेय.

आधी जे बदललंय ते सांगते. तिथे विधवा बाई वारली तर धड अंत्यसंस्कारही होत नाहीत असं सुप्रीम कोर्टापुढे आलं तेव्हा २०१२ मध्ये कोर्टानं सरकारी यंत्रणेचे कान उपटले आणि सुलभ शौचालयवाले बिंदेश्वर पाठक यांच्या संस्थेला या बायकांसाठी काय करता येईल ते विचारलं. पाठकांनी दर महिन्याला ठराविक पैसे, दवाखाना, लिहायला वाचायला शिकवणं, अगरबत्त्या बनवणं असं बरंच सुरू केलं. त्याच्याही आधीपासून समाजसेविका मोहिनी गिरी यांनी तिथे या बायकांसाठी घर चालवलं होतं. मग २०१८ ला केंद्र सरकारनं हजार बायकांची सोय होईल असं कृष्ण कुटीर बांधलं. पाठक आणि मोहिनीताई दोघंही २०२३ ला गेले, पण त्यांचं काम डोळ्यांनी दिसतं.

आम्ही मथुरा-वृंदावन यात्रेला गेलो तेव्हा आमचा ग्रुप बांकेबिहारीच्या रांगेत होता आणि मी एका भजनाश्रमात जाऊन बसले. बायका ओळीनं बसलेल्या, हातात करताल, कपाळाला उभा टिळा, गळ्यात तुळशीची माळ. तास तास एकाच चालीत हरे कृष्ण चालू होतं, मधेच एखादी पेंगायची की शेजारची कोपरानं ढोसायची. पाळी संपली की टोकन आणि टोकनवर थोडे तांदूळ, डाळ, चार पैसे. माझ्या शेजारची बंगाली आजी जांभळ्या काठाच्या साडीत होती, कमरेला साधा मोबाईल खोचलेला, आणि पिशवीतून बँकेचं पासबुक काढून त्यावरची स्वतःची सही तिनं मला दोनदा दाखवली. पूर्वी अंगठा लावायची, आता सही करते. मी विचारलं सरकारी घरात का नाही राहत, तर म्हणाली तिथे जेवण मिळेल पण ठाकूरजी लांब पडतात, इथून चालत दर्शन होतं. मला ते एकदम पटलं. आपण सोय म्हटलं की पलंग आणि जेवण मोजतो, ती बाई कशासाठी एवढ्या लांब आली ते विचारत नाही.

पण ती घरातून निघाली कशी ते ऐका. नवऱ्याचं कार्य उरकल्यावर दिरांनी एका कागदावर अंगठा घेतला, कसला कागद ते कुणी सांगितलं नाही, आणि वर्षभरात तिला तीर्थाला म्हणून गाडीत बसवून दिलं. परतीचं तिकीट नव्हतं. मुलगा आहे, दिवाळीला फोन करतो.

लोक म्हणतात बंगाली बायका वृंदावनला येतात ते बंगालचे कृष्णभक्त संत चैतन्य महाप्रभू यांच्यामुळे. ते आहेच, भक्ती खोटी नाही. पण बंगालात पूर्वी दायभाग कायदा चालायचा, त्यात मुलगा नसलेल्या नवऱ्याचा वाटा एकत्र कुटुंबातसुद्धा विधवेकडे यायचा, आपल्याकडे मिताक्षरा होता त्यात तसं नव्हतं. म्हणजे तिथे विधवा घरात राहिली तर वाटणीला अडचण. मला तर वाटतं तीर्थाला पाठवण्यामागे धर्म जेवढा होता तेवढाच हा हिशोबही होता. आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे तर नवरा मृत्युपत्र न करता गेला तर बायको मुलांइतकीच आणि सासूइतकीच वारस. तरी अंगठा घेतला जातोच. मग नुसता रंग खेळून काय होणार हो?

हे लांबचं दुखणं आहे असं कृपया समजू नका. आपल्याही आलवणातल्या, म्हणजे विधवेचं लाल लुगडं नेसवलेल्या, बायका काशीला नेऊन ठेवत होतेच की. आणि आता आपल्याकडे शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ४ मे २०२२ ला ठराव केला की बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र जोडवी काढायची नाहीत, त्याच महिन्यात सरकारनंही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. मला त्या गावाचा मनापासून अभिमान आहे. पण माझ्या ओळखीतच अशी बाई आहे जिच्या कपाळाला कुंकू आहे, हळदीकुंकवालाही बोलावतात, आणि सातबाऱ्यावर अजून फक्त दिराचं नाव. तिच्याकडून हक्कसोड, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद, करून घेतलं, ते पण दिवसकार्याला माणसं जमलीच आहेत तर उरकून घेऊ म्हणून. रडून डोळे सुजलेली बाई तेव्हा कागद वाचणार आहे का?

म्हणून माझी एकच विनंती. होळीचे फोटो छापाच, पण वर्षातून दोन-तीनदा तरी चौकट करून साध्या भाषेत छापा की नवरा गेल्यावर बाईनं काय करायचं. तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी कळवायचं, मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं द्यायची, हल्ली सरकारच्या ई-हक्क या वेबसाईटवरून ऑनलाईनही अर्ज होतो. आणि कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करायची नाही, सख्खा भाऊ म्हणाला तरी नाही. हेरवाडसारखा ठराव ज्या गावांनी केलाय त्यांनी त्यात अजून एक ओळ घालावी, की दिवसकार्य होईपर्यंत आणि पुढचे काही महिने त्या बाईकडून कुणी हक्कसोड घेणार नाही, आणि वारस नोंदीला ग्रामपंचायतीचा एक माणूस तिच्यासोबत तलाठी ऑफिसला जाईल. याला पैसे लागत नाहीत. आमच्या महिला मंडळातर्फे आम्ही तसा अर्ज लिहून सरपंचांना देतोय, बाकीच्या मंडळांना मसुदा हवा असेल तर आपल्या पेपरातून छापायला आनंदानं पाठवीन.

आपली नेहमीची वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, जि. सांगली