मुजुमदार हे पद होतं, त्यावरून मूळ गाव ठरत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आडनावांचे फॉरवर्ड हल्ली सारखे येतात, त्यातला एक असा की मुजुमदार मूळचे बंगाली, कुठल्यातरी स्वारीत इकडे आले आणि इथलेच झाले. नातेवाइकांपैकी काहींनी तर हे लग्नाच्या बायोडेटात लिहायला घेतलंय म्हणून हे पत्र.

अहो, मुजुमदारी हे कामाचं नाव आहे. मजमू हा अरबी शब्द, म्हणजे एकत्र केलेलं, आपण रोज 'जमा' म्हणतो तो त्याच धातूतला, आणि दार फारसी, किल्लेदार इनामदारातला. महसुलाचा एकत्रित हिशोब बघणारा तो मजमूदार, बोलता बोलता त्याचा मुजुमदार झाला. फारसी दफ्तरं जिथे जिथे होती तिथे हे पद गेलं, म्हणून बंगालीत मोजुमदार, गुजरातीत मजमुदार, आसामात आहेत, सिल्हेटकडच्या मुसलमानांतही आहेत. इतिहासकार रमेशचंद्र मजुमदार बंगाली, किरण मजुमदार-शॉ यांचं घर गुजराती आणि आपल्या कसब्यात सरदार मुजुमदारांचा वाडा, आता नुसत्या आडनावावरून हे सगळे एका कुळातले कसे काय ठरवायचे? पोतदारांचंही तेच, बंगालात आणि मारवाड्यांत ते पोद्दार.

दुसरी मंडळी म्हणतात फारसी आडनाव म्हणजे गुलामीची खूण, बदला. मला हे बिलकुल पटत नाही. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी पदांना संस्कृत नावं दिली, मुजुमदाराचा अमात्य, डबीराचा सुमंत, सुरनीसाचा सचिव, तो राज्यकारभाराचा विचार होता आणि मोठाच होता, पण लोकांच्या तोंडची नावं राहिलीच, पुढे पेशवाईतही फडणीस, पोतनीस, चिटणीस होतेच की. यातला 'नीस' म्हणजे फारसी नवीस, लिहिणारा. पारसनीस फारसी पत्रव्यवहार बघायचे. या माणसांनी लिहून ठेवलं म्हणून तर आज पेशवे दफ्तरात वाचायला काही आहे, त्यांच्या आडनावाची लाज कसली वाटून घ्यायची!

तुमच्या रविवार पुरवणीत आडनावांवर एक सदर सुरू करा ही विनंती, पण जुने कागद वाचणाऱ्यांकडून लिहून घ्या, भारत इतिहास संशोधक मंडळ आपल्या पुण्यातच आहे. आणि वाचकांनाही सांगा की माळ्यावर मोडी कागदांचं बोचकं असेल तर रद्दीत घालायच्या आधी मोडी येणाऱ्या कुणालातरी एकदा दाखवा.

एक मुजुमदार, सदाशिव पेठ, पुणे