दुसऱ्या रिचर्डचं राज्य का गेलं

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडचा दुसरा रिचर्ड लहरीपणामुळे बुडाला, असं तू फोनवर म्हणालास. मला ते पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

1377 मध्ये तो गादीवर आला तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. चार वर्षांनी डोईपट्टीविरुद्ध शेतकरी उठले. स्मिथफील्डला लंडनच्या मेयरने त्यांचा म्होरक्या वॉट टायलर याच्यावर वार केला, जमावाने धनुष्यं ताणली, आणि हा पोरगा घोडा पुढे काढून म्हणाला, तुमचा पुढारी मीच, चला माझ्यामागे. लोक गेले! केवढी ही छाती! पुढे मात्र त्याने दिलेली सगळी वचनं फिरवली. राजाच्या नुसत्या शब्दावर माणसं हलतात, हे मला वाटतं तेव्हाच त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

1388 मध्ये बंडखोर सरदारांनी पार्लमेंटकरवी त्याची जवळची माणसं संपवली. त्याला लहानपणापासून सांभाळणारा सायमन बर्ली त्यांतलाच. राणी अ‍ॅनने गुडघे टेकून त्याचे प्राण मागितले, तरी त्याचं मुंडकं उडवलं. रिचर्डने डूख धरला. 1397 मध्ये त्या बंडखोरांपैकी अरंडेलचा शिरच्छेद झाला आणि त्यांच्यातलाच दुसरा, सख्खा चुलता ग्लॉस्टर, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कॅलेच्या कैदेत मेला.

इतकं होऊनही तो तगला असता. घात झाला तो वारसाहक्काला हात घातल्याने. फेब्रुवारी 1399 मध्ये दुसरा चुलता, लँकेस्टरचा ड्यूक जॉन ऑफ गाँट वारला. त्याचा मुलगा हेन्री बोलिंगब्रोक हद्दपारीत होता. बापाची जहागीर मुखत्यारांमार्फत घ्यायला राजाने त्याला लेखी परवानगी दिलेली होती. तीच रद्द करून रिचर्डने लँकेस्टरची सगळी मालमत्ता जप्त केली. राजाच्या चुलतभावाची ही गत, तर आपल्या लेकरांच्या जमिनीचं काय? प्रत्येक जमीनदाराच्या पोटात गोळा आला असणार. आणि अशा वेळी हा फौज घेऊन आयर्लंडला निघून गेला!

हेन्री मोजक्या माणसांनिशी यॉर्कशरच्या किनाऱ्यावर उतरला, 'मला फक्त माझा वारसा हवा' म्हणत. उत्तरेचं बलाढ्य सरदार घराणं पर्सी त्याला मिळालं. ऑगस्टमध्ये फ्लिंटच्या किल्ल्यात रिचर्ड त्याच्या हाती लागला, आणि सप्टेंबरअखेर त्याला पदच्युत केलं, तेही वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, ज्याचं भव्य लाकडी छत त्यानेच बांधायला घेतलं होतं. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाच तो पाँटिफ्रॅक्ट किल्ल्याच्या कैदेत मेला, बहुधा उपासमारीने.

त्याच्यावर 33 आरोप ठेवले होते. कायदे माझ्या तोंडात आहेत असं तो म्हणे, हा त्यांतला एक. शत्रूंनी लिहिलेला, तरी मला तो खरा वाटतो. तू ते आरोप वाच आणि तुझं मत कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनिल