नळी स्वच्छ राहिली, एवढ्यावर औषध निर्जंतुक ठरतं: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

इंजेक्शनं, सलाइन, डोळ्यांत घालायचे थेंब यांची प्रत्येक बॅच स्टेरिलिटी टेस्टमधून, म्हणजे औषधात जिवंत जंतू नाहीत ना हे पाहणाऱ्या चाचणीतून जाते. गेली अनेक वर्षं मी ही टेस्ट करते. औषध ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि फिल्टरचे दोन भाग नळ्यांमधल्या दोन मीडियात, म्हणजे जंतू वाढवणाऱ्या पोषक द्रवांत, सोडायचे. थायोग्लायकोलेट मीडियम ३०-३५ अंशांवर ठेवायचं, सोयाबीन-केसिन २०-२५ अंशांवर, आणि १४ दिवस नळ्या उजेडासमोर धरून बघत राहायचं. गढूळ झाली तर जंतू आहेत, स्वच्छ राहिली तर बॅच पास.

पण नळी स्वच्छ राहण्याची कारणं दोन असतात. औषधात जंतू नव्हते, किंवा होते पण मीडियाने त्यांना वाढवलंच नाही. डोळ्यांना दोन्ही नळ्या सारख्याच दिसतात, म्हणून या टेस्टचा सगळा भार मीडियावर आहे.

मीडियाची तपासणी होते, हे खरं. दोन्ही मीडिया मिळून सहा जंतू ठरलेले आहेत; मीडियाच्या प्रत्येक लॉटमध्ये त्यातले त्या मीडियाचे जंतू प्रत्येकी १०० पेक्षा जास्त नाहीत इतके सोडतात. बॅक्टेरिया ३ दिवसांत आणि बुरशी ५ दिवसांत 'स्पष्ट' दिसली की लॉट पास. हे स्पष्ट म्हणजे किती, ते कशाच्या तुलनेत ठरवायचं, याला कुठलाही सामायिक आधार नाही.

एकदा सोयाबीन-केसिनचा नवा लॉट आला होता. कँडिडाची (त्या सहांपैकी एका बुरशीची) नळी पाचव्या दिवशी हळूच हलवली, तेव्हा तळातून धुरासारखी एक बारीक रेघ वर चढली. वाढ दिसली, हे नाकारता येत नव्हतं. शेजारी आधीच्या लॉटची नळी धरली, तीही जवळपास तशीच. मी सही केली. पण तो आधीचा लॉट त्याच्याही आधीच्यापेक्षा कमजोर होता की नव्हता, हे सांगणारं काहीच हाताशी नव्हतं. लॉट थोडाथोडा घसरत गेला, तर असल्या तुलनेत ते कुणाच्याच लक्षात येणार नाही. ती सही मला आजही टोचते.

मीडिया काही शुद्ध रसायन नव्हे. त्यातली पेप्टोन्स, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे, दुधातल्या केसिनपासून आणि सोयाबीनपासून बनतात, आणि ती लॉटगणिक बदलतात. त्यात तपासणीसाठी आपण वापरतो ते प्रयोगशाळेत वाढवलेले धडधाकट जंतू. औषधात सापडू शकणारा जंतू उष्णतेने किंवा प्रिझर्व्हेटिव्हने अर्धमेला झालेला असतो. धडधाकट जंतूला साधारण मीडियमही चालतं, अर्धमेल्याला चालेलच असं नाही.

टेस्टची मुळातली ताकदही फार नाही. बॅचमधल्या शंभरात एक बाटली दूषित असेल आणि आपण २० बाटल्या तपासल्या, तर त्यात एक तरी दूषित बाटली येण्याची शक्यता सुमारे १८ टक्केच. आलेली ती एक बाटलीही मीडियमने हुकवली तर?

आमच्या शेजारच्या खोलीतले केमिस्ट औषधातला घटक मोजताना रेफरन्स स्टँडर्डशिवाय, म्हणजे तुलनेसाठीच्या प्रमाणित नमुन्याशिवाय, चाचणीच लावत नाहीत. अन्न आणि पाणी तपासणीच्या मीडियासाठी २०१४ च्या आयएसओ १११३३ या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये रेफरन्स मीडियमशी तुलना आहे. चीनच्या फार्माकोपियातही (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत नियमग्रंथात) मीडियासाठी रेफरन्स मीडियमची सोय आहे आणि तिथली राष्ट्रीय संस्था ते पुरवते. मग नसेत जाणाऱ्या औषधासाठी 'मागच्यासारखंच वाटतंय' एवढ्यावर का भागवायचं?

माझी मागणी एवढीच आहे. राष्ट्रीय औषध नियंत्रण प्रयोगशाळेने या दोन मीडियांचा रेफरन्स लॉट तयार करावा. तो अनेक प्रयोगशाळांकडून एकाच वेळी तपासून घ्यावा. कुठला जंतू किती कमी संख्येत आणि किती तासांत वाढतो, याचे आकडे त्या लॉटच्या बाटलीसोबत द्यावेत. कमीत कमी संख्या म्हणजे १०० नव्हे, १० च्याही खाली उतरून बघावी, कारण लॉटमधला फरक तिथेच दिसतो. नव्या लॉटची तुलना या बाटलीशी शेजारी ठेवून करणं बंधनकारक करावं. छोट्या प्रयोगशाळांना ती परवडेल अशा दरात मिळावी, नाहीतर नियम कागदावरच राहील.

काम किचकट आहे. मीडियाची पावडर ओल धरते, साठवणुकीत तिची ताकद कमी होते, त्यामुळे रेफरन्स लॉटचीही ठरावीक काळाने फेरतपासणी लागेल. तज्ज्ञांची समिती नेमलीत, तर पहिल्या फेरीच्या तपासणीसाठी मी माझा वेळ आणि माझ्या नोंदवह्या द्यायला तयार आहे.

आपली विश्वासू,
स्टेरिलिटी टेस्ट करणारी एक मायक्रोबायोलॉजिस्ट