रावान शेकणाऱ्या हातांस

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाच्या कार्यक्रमासाठी आमचे पथक मॉरिशसला आले, तेव्हा आपण मला दिलेल्या चार संध्याकाळींबद्दल आभार मानायचे राहून गेले होते. तिथल्या कास्काव्हेल गावचे आमचे मराठी यजमान हे पत्र आपल्याला आपल्या क्रेओल भाषेत वाचून दाखवतील. उघडपणे अशासाठी लिहितो की आमच्याकडच्या हलगीवाल्यांनीही ते वाचावे.

पहिल्या संध्याकाळी आपण अंगणात उसाचे पाचट पेटवून रावान, म्हणजे आपली हलगीसारखी डफली, त्या आचेवर धरली. लाकडी कड्यावर ताणलेले बकऱ्याचे कातडे दमट हवेने सैल पडले होते, आणि आपण मधूनमधून बोटाने टिचकी मारत असताना त्याचा भदभदीत आवाज हळूहळू घट्ट होत गेला. माझे आजोबा हलगी अशीच शेकत. इतक्या दूरच्या बेटावर तीच कृती, तोच जळत्या पाचटाचा वास अनुभवताना मला काही वेळ बोलताच येईना. आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी जपलेले आपले वाद्य जसे मालकांच्या दिवाणखान्याबाहेर राहिले, तशी आमची हलगीही पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर राहिली. रावानच्या तालावरच्या सेगा तिपिकचा, म्हणजे मॉरिशसच्या पारंपरिक गाण्या-नाचाचा, २०१४ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला याचा आनंद आहेच, पण त्या अंगणात मला जे कळले ते कोणत्याही यादीतून कळले नसते.

मी सोबत आणलेले आमचे ध्वनिमुद्रण आपण दोनदा ऐकले. त्यात हलगी कीबोर्ड आणि ड्रम मशीनच्या मागे कुठेतरी दबली होती, आणि आधुनिक व्हायचे तर हे सोसलेच पाहिजे, अशी माझी समजूत होती. आपण ती सौम्यपणे, पण ठामपणे मोडलीत. आपल्या नव्या रचनांत बास गिटार आहे, संगणकावर बांधलेले आवर्ती ध्वनी आहेत. तरीही रावान आधी वाजते आणि बाकीचे सारे तिच्यामागे येते. वाजवता वाजवता कातडे निवते, स्वर किंचित उतरतो, लयही श्वासाप्रमाणे कमीजास्त होते, म्हणून आपण यंत्राच्या टिकटिकीवर रावान वाजवत नाही, यंत्रालाच तिच्या चालीवर बसवता. आपल्याकडचे गायक काया यांनी सेगा आणि रेगे एकत्र करून सेगे हा संगीतप्रकार घडवला, रावानवादक मेनवार यांनी रावानीला मैफलीच्या रंगमंचावर मान मिळवून दिला. त्याच वाटेवर आपण चालत आहात, असे मी मनापासून मानतो.

एक चूक मात्र मी कायम लक्षात ठेवीन. सेगाच्या सहा मात्रा मी दादऱ्यासारख्या मोजत समेवर टाळी देत होतो. आपण माझा हात धरून थांबवलात आणि नाचणाऱ्या बाईंच्या पावलांकडे बोट दाखवलेत. जमीन न सोडता सरकणाऱ्या त्या पावलांवर शरीराचा भार जिथे पडत होता, तिथे माझी टाळी पडतच नव्हती. ताल तिथून ऐकायचा असतो हे कळल्यावर मारावान या हलवून वाजवायच्या वाद्याची खुळखुळ आणि त्रिकोणाची किणकिण आपोआप जागच्या जागी बसली.

परतल्यावर आम्ही ते ध्वनिमुद्रण पुन्हा पहिल्यापासून केले. हलगी शेकून घेतली, ती एकटीच आधी वाजवली आणि कीबोर्डवादकाला तिची चाल पाठ होईपर्यंत थांबवले. तो सुरुवातीला नाराज होता. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःहून अर्धे सूर काढून टाकले. सुरुवातीचा पाचट तडतडण्याचा आवाज आम्ही तसाच ठेवला आहे. नवी प्रत या पत्रासोबत पाठवत आहे. ऐकताना हलगी जिथे अजून दबलेली वाटेल, ती जागा कृपया मला कळवावी.

आपला कृतज्ञ,
कोल्हापूरचा एक हलगीवादक